काळी, पांढरी आणि पत्रा

वैशाखांतील एखाद्या दुपारीं दोनच्या सुमारास चाकणच्या औद्योगिक वसाहतींतून कोणी चालूं लागला, तर त्यास दोन तऱ्हेचीं छपरें दिसतील. एक तऱ्हा मोठ्या कारखान्यांची. तीं छपरें उंच आहेत, त्यांपैकीं पुष्कळांस आंतून अस्तर आहे, आणि कोंडलेली उष्ण हवा बाहेर काढणारीं चाकें त्यांच्या माथ्यावर गरगर फिरत आहेत. दुसरी तऱ्हा त्या कारखान्यांच्या पाठीमागें, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे अशा गांवांच्या शिवारांत रांगेनें उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांची. तेथें आठनऊ फुटांवर पत्रा टाकलेला असतो, आणि वाऱ्यानें तो उडूं नये म्हणून त्यावर दगड ठेवलेले असतात. अशा एखाद्या पत्र्याखालीं या वेळीं एक मनुष्य झोंप घेण्याचा यत्न करीत असतो. तो आळशी नव्हे. तो तिसऱ्या पाळीचा कामगार होय. रात्रभर यंत्रासमोर उभा राहून तो सकाळीं परतला आहे, आणि आज रात्रीं पुन्हां त्याच यंत्राशीं त्यास गांठ घ्यावयाची आहे. ज्या घटकेस सूर्य सर्वांत प्रखर, तीच घटका त्याच्या विश्रांतीची आहे.

उन्हाळ्याविषयीं आपण विद्यार्थ्यांस जो उपदेश करतों तो सर्वांच्या परिचयाचा आहे: डोकें झांकावें, पाणी पुष्कळ प्यावें, भर दुपारीं घराबाहेर पडूं नये. उपदेश योग्यच आहे. परंतु ज्याचें घरच भट्टी झालें आहे त्यानें दुपारीं घरांत बसून काय साधावें? प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, आपल्या या उद्योगनगरींत उष्णतेचा प्रश्न हा मुख्यतः रस्त्याचा नसून छपराचा आहे. तो सोडविण्यास लागणारें ज्ञान आपणांस फार पूर्वींच मिळालेलें आहे. आणि तें ज्ञान गरिबाच्या पत्र्यापर्यंत पोंचत नाहीं यांत दोष शास्त्राचा नसून आपल्या कर्तव्यबुद्धीचा आहे.

आपल्या भाषेंत गांवच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. देशावरील कोरड्या मुलुखांत लोक पांढरीच्या मातीच्या जाड भिंती घालीत व तिचेंच धाबें करीत. मावळाकडे पाऊस फार, म्हणून तेथें कौलें किंवा गवत. माती असो कीं गवत असो, उन्हाचा मारा तें हळूहळू पोटांत घेत असे, आणि तो घरांत उतरूं लागे तोंपर्यंत दिवस कलत असे. पुढें काळ पालटला. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेतांवर कारखाने उभे राहिले, आणि १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. त्यानंतर ही लाट उत्तरेस खेड तालुक्यांत शिरली. ज्या चाकणचें नांव घेतांच पूर्वीं फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार आठवावा, त्या चाकणचें नांव आज मोटारींच्या कारखान्यांवरून ओळखलें जातें. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेंच बिहार, उत्तर प्रदेश येथून हजारों तरुण आले. त्यांस राहण्यास जागा हवी होती, ती लवकर हवी होती आणि स्वस्त हवी होती. अशा वेळीं पत्र्यासारखें दुसरें साधन नाहीं. तेव्हां काळीही गेली, पांढरीही गेली, आणि दोहोंच्या जागीं पत्रा आला.

हा पत्रा इतका कां तापतो, तें पाहूं. कोणत्याही छपराचा उन्हाशीं एक जमाखर्च चालतो. जें ऊन त्यावर पडतें त्यांतील कांहीं भाग तें परतवितें व उरलेला पोटांत घेतें. ही जमेची बाजू. उलटपक्षीं प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेच्या मानानें अदृश्य किरण सारखे बाहेर टाकीत असतो. ही खर्चाची बाजू. ज्या छपरास थंड राहावयाचें आहे त्याच्या अंगीं दोन गुण हवेत: त्यानें ऊन परतवावें आणि स्वतःची उष्णता मोकळ्या हातानें टाकावी. नवा चकचकीत जस्ती पत्रा यांपैकीं पहिल्या गुणांत बरा आहे, पण दुसऱ्यांत अत्यंत कृपण आहे. एकदां घेतलेली उष्णता तो किरणरूपानें सोडावयास तयार नसतो. कांहीं वर्षांनीं तो मळतो, गंजतो, आणि मग पहिला गुणही गमावून बसतो. याच्या उलट साधा पांढरा चुना किंवा पांढरा रंग या दोन्ही गुणांत उत्तीर्ण होतो. डोळ्यांस पत्रा अधिक लखलखीत दिसतो म्हणून तो अधिक थंड असेल असें समजणें ही चूक होय.

आंकड्यांत सांगावयाचें तर, आपल्याकडे निरभ्र दिवशीं माध्यान्हीं दर चौरस मीटरवर सुमारें एक हजार वॅट इतकी सूर्यशक्ति पडते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचें छप्पर सुमारें नऊ चौरस मीटरांचें असतें. म्हणजे त्या गरीब खोलीच्या माथ्यावर प्रत्येकीं एक किलोवॅटच्या नऊ शेगड्या पेटलेल्या आहेत असें समजावें. गंजलेला पत्रा त्यांतील सहा-सात शेगड्यांची उष्णता आपल्या पोटांत घेतो. ताजा पांढरा केलेला पत्रा दोहोंच्या आसपास घेतो. ही उष्णता केवळ हवा तापवीत नाहीं. तापलेला पत्रा खालीं निजलेल्या मनुष्यावर किरणरूपानें सरळ उष्णता ओततो, आणि विटांच्या भिंतींतही ती भरून ठेवतो. सूर्य मावळल्यावर पत्रा लवकर निवतो खरा, पण त्या भिंती मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता परत करीत राहतात. यामुळें रात्रीं झोंपणारा कामगारही पुरता सुटत नाहीं. पंखा लावला तरी खोलींतील हवा अंगाहून उष्ण झाल्यावर तो उष्ण वाराच अंगावर आणतो. मग शरीरास घामावांचून दुसरा आश्रय उरत नाहीं.

आतां छपरानें टाकलेली उष्णता जाते कोठें? तिचा मोठा भाग हवेंतील बाष्प व इतर वायु शोषून घेतात व पुन्हां खालीं पाठवितात. परंतु आठ ते तेरा मायक्रॉन लांबीच्या किरणांना कोरडी, निरभ्र हवा अडवीत नाहीं. जणूं आकाशाला तेवढी एक खिडकी ठेवलेली आहे. या खिडकींतून निघालेले किरण ज्या अवकाशांत जातात तें शून्याखालीं सुमारें दोनशें सत्तर अंश इतकें थंड आहे. हिंवाळ्यांत गवतावर दंव पडतें तें याच कारणानें. पूर्वीं उत्तर हिंदुस्थानांत लोक याच खिडकीचा उपयोग करून बर्फ तयार करीत. सर रॉबर्ट बार्कर यांनीं १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचें वर्णन ठेविलें: अलाहाबादेजवळ मातीच्या उथळ परळांत संध्याकाळीं पाणी ओतून तीं उघड्यावर ठेवीत, आणि हवा गोठणबिंदूपर्यंत उतरली नसतांही पहांटे त्यांत बर्फ सांपडे.

या विषयांत आपल्या पुण्याचाही मोठा वाटा आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावा. १९२८ सालीं हिंदुस्थानच्या हवामान खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. तेथें शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारे डॉ. एल. ए. रामदास यांनीं १९३२ सालीं असें दाखविलें कीं, निरभ्र व निवांत रात्रीं हवेचा सर्वांत थंड थर जमिनीस चिकटलेला नसून तिच्या वर वीत-दोन वीत उंचीवर असतो. पुस्तकी समजुतीविरुद्ध असलेला हा शोध आरंभीं कित्येकांस पटला नाहीं. आज तो थर जगभर रामदासांच्या नांवानें ओळखला जातो. रामदास व त्यांचे सहकारी द्रविड यांनीं त्याच दशकांत आणखी एक प्रयोग केला, आणि आपल्या विषयास तो याहूनही जवळचा आहे. पुण्याच्या काळ्या जमिनीच्या एका भागावर त्यांनीं पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला व शेजारचा भाग तसाच काळा ठेविला. पांढरा केलेला भाग दुपारीं कित्येक अंशांनीं थंड राहिला, आणि तो थंडपणा पृष्ठभागापुरता न राहतां खालच्या मातींतही उतरला. काळीवर पांढरी पसरली आणि काळी निवली. पिंपरी-चिंचवडांत पहिला मोठा कारखाना उभा राहण्यापूर्वींच पुण्यानें हा धडा लिहून ठेविला होता.

अलीकडच्या संशोधकांनीं याच मार्गानें फार पुढची मजल मारली आहे. रात्रीं आकाशाकडे उष्णता टाकून थंड होणें सोपें आहे. भर उन्हांत तसें होणें कठीण, कारण सूर्याची जमा खर्चाहून कितीतरी अधिक असते. १९१४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१४ सालीं, अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत आश्वत रामन, शानहुइ फॅन व त्यांचे सहकारी यांनीं चांदीवर हॅफ्नियम ऑक्साइड व सिलिका यांचे सात अतिसूक्ष्म थर चढविले. तो पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा ९७ टक्के भाग परतवीत होता, आणि उघड्या उन्हांत ठेवला असतां भोंवतालच्या हवेहून सुमारें ५ अंश थंड राहिला. विजेचा खर्च मुळींच नाहीं. २०२१ सालीं पर्ड्यू विद्यापीठानें बेरियम सल्फेटचा असा रंग प्रसिद्ध केला कीं, तो ९८ टक्के ऊन परतवितो. बेंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रांतही मॅग्नेशियम ऑक्साइडपासून स्वस्त थंड रंग बनविण्यांत आला आहे. हें सर्व अभिनंदनीय आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां या संशोधनांत नांव काढील तर आम्हांस धन्यता वाटेल.

तथापि, नवा रंग बाजारांत येईपर्यंत थांबावें, असें जर कोणी म्हणेल, तर तें मान्य करतां येणार नाहीं. शंभरांपैकीं ९७ मिळवावे कीं ९८, ही चढाओढ विद्वानांची आहे; ती त्यांनीं अवश्य करावी. आपल्यापुढील प्रश्न वीस-तीस गुण मिळविणाऱ्या गंजक्या पत्र्यास उत्तीर्ण करण्याचा आहे. त्यासाठीं प्रयोगशाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. बादली, कुंचा आणि चांगल्या पांढऱ्या रंगाचा डबा पुरे आहे.

मग इतकी सोपी गोष्ट होत कां नाहीं? कारण छप्पर एकाचें आणि ताप दुसऱ्याचा. घरमालक त्या पत्र्याखालीं निजत नाहीं. त्याची खोली तापली तरी भाडें कमी होत नाहीं. भाडेकरी आज आहे, उद्यां कंत्राट संपतांच दुसऱ्या गांवीं जाईल; दुसऱ्याच्या छपरावर त्यानें पैसा कां घालावा? कारखान्याचा मालक म्हणेल, माझ्या फाटकाबाहेरच्या खोलीशीं माझा संबंध काय? येणेंप्रमाणें तिघेही आपापल्या परीनें व्यवहारी आहेत, आणि तिघांच्या व्यवहाराची बेरीज म्हणजे त्या निजलेल्या मनुष्याची तळमळ.

कायद्यानें या प्रश्नाकडे पाहिलेंच नाहीं असें नाहीं. १९४८ सालच्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमांत, कारखान्यांतील अतिरिक्त उष्णता कमी करण्याचे उपाय म्हणून भिंती व छपरें यांस पांढरा रंग देणें, छप्पर उंच करणें, दुहेरी छप्पर घालणें, यांचा स्पष्ट उल्लेख केलेला होता. पांढऱ्या छपराची महती आपल्या कायदेकर्त्यांस स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षीं ठाऊक होती, हें यावरून दिसतें. परंतु त्या कलमाची दृष्टि कामाच्या जागेवर होती. कामगार जेथें अंग टेकतो त्या जागेवर नव्हती. हीच उणीव आजची आहे. वस्तुतः दोन्ही छपरें एकाच उद्योगाचीं आहेत. जो मनुष्य दुपारीं झोंपला नाहीं त्याचा हात रात्रीं यंत्राच्या जबड्याशीं असतो, आणि पेंगणाऱ्या मनुष्यास यंत्र क्षमा करीत नाहीं.

इतरांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. अहमदाबादेंत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेंत नेहमीच्या मानानें तेराशेंहून अधिक लोक जास्त मृत्यु पावले. त्या शहरानें शोक करून स्वस्थ न बसतां २०१३ सालीं उष्णतेचा कृति-आराखडा तयार केला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें. तेलंगण राज्यानें २०२३ सालीं थंड छपरांचें धोरणच जाहीर करून सरकारी व मोठ्या इमारतींस तें बंधनकारक केलें. आपल्या पट्ट्यांत धन कमी नाहीं, अभियंते कमी नाहींत, रंगाचीं दुकानेंही कमी नाहींत.

या उपायावर कांहीं आक्षेप येतील, ते प्रामाणिकपणें मान्य केले पाहिजेत. चुना पत्र्यावर नीट धरत नाहीं व पहिल्या वळवांत धुऊन जातो. म्हणून पत्र्यास पाण्यांत कालविण्याचा टिकाऊ पांढरा रंग बरा, चुना गच्चीस ठीक. चाकणच्या रस्त्यांची धूळ बसून पांढरेपणा मळतो. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडीं छप्पर एकदां धुतलें पाहिजे. पावसाळ्यांत ढग व बाष्प आकाशाची खिडकी लावून घेतात. पण आपला तीव्र ताप मार्च ते मे या कोरड्या महिन्यांचा आहे, आणि त्या वेळीं ती खिडकी पुष्कळशी उघडी असते. हिंवाळ्यांत पांढरें छप्पर रात्रीं अधिक निवेल व त्यास आंतून दंव धरेल. त्यावर पत्र्याखालीं चटईचें किंवा फळ्यांचें अस्तर हा उपाय आहे, आणि तें अस्तर उन्हाळ्यांतही उपयोगी पडतें. झाडाची सांवली, समोरासमोर खिडक्या, पिण्याचें पुरेसें पाणी, यांची जागा रंग घेऊं शकत नाहीं. पांढरें छप्पर म्हणजे कल्पवृक्ष नव्हे. तें सर्वांत स्वस्त पहिलें पाऊल आहे, आणि पहिलें पाऊल न टाकणारा दुसऱ्याची चर्चा करण्यास पात्र ठरत नाहीं.

तेव्हां करावें काय? आमच्या मतें तीन गोष्टी कराव्यात. पहिली, महानगरपालिकेनें व चाकण परिसरांतील ग्रामसंस्थांनीं, जो मालक फाल्गुन संपण्यापूर्वीं आपल्या भाड्याच्या खोल्यांचीं छपरें पांढरीं करील त्यास घरपट्टींत थोडी सूट द्यावी. म्हणजे छपराचा धनी आणि तापाचा धनी यांच्यांतील अंतर कमी होईल. दुसरी, २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांस नफ्याचा जो अंश समाजकार्यास द्यावा लागतो, त्यांतील कांहीं भाग आपल्याच कामगारांच्या वस्तींतील पत्र्यांवर त्यांनीं घालावा. दूरच्या पुण्यकर्मापूर्वीं दाराशीं असलेलें ऋण फेडावें, हा साधा न्याय आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातांतली आहे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकजण अशाच खोल्यांतून शाळेंत येतां. तुम्हांस ताप काय तें शिकविण्याची गरज नाहीं, तो मोजावयाचा कसा एवढेंच शिकावयाचें आहे. तेलाचे दोन रिकामे डबे घ्या. एकास बाहेरून पांढरा रंग द्या, दुसरा तसाच ठेवा. दोहोंत एकेक तापमापक टांगून ते उन्हांत शेजारीं शेजारीं ठेवा, आणि दुपारीं दोन वाजतां व पहांटे पांच वाजतां आंकडे लिहून ठेवा. पंधरा दिवसांची वही झाली कीं ती घरमालकास दाखवा. तोंडच्या तक्रारीस जो कान देत नाहीं तो पुष्कळ वेळां आंकड्यांस देतो. आणि शाळेच्या सायकली ठेवण्याच्या जागेवरील पत्रा या उन्हाळ्यांत आपण स्वतःच पांढरा करूं. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आपलें छप्पर दाखवितां आलें पाहिजे.

शुभवर्तमानांत द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दृष्टान्त आहे, त्यांत दिवसभराचें ऊन सोसलेले मजूर संध्याकाळीं धन्यापुढें आपलें गाऱ्हाणें मांडतात. प्रवचनकार त्यांतून ईश्वरी कृपेचा अर्थ काढतात, आणि तो यथार्थ आहे. परंतु तो दृष्टान्त सांगणाऱ्यानें मजुरांच्या अंगावरील ऊन विसरूं दिलें नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आमच्या मळ्यांतील मजुरांस दिवसभराचेंच नव्हे, तर झोंपेंतलेंही ऊन सोसावें लागत आहे. त्यांच्या माथ्यावरील पत्रा पांढरा करणें ही त्यांच्यावर केलेली दया म्हणतां येणार नाहीं. ज्यांनीं बनविलेल्या वस्तु आपण दररोज वापरतों, त्यांचें तें आपणांकडे राहिलेलें देणें आहे. येत्या वैशाखापूर्वीं त्यांतील थोडें तरी फिटावें, इतकीच इच्छा.